पांढरी पाचपेक्षा किंचित चढा

नारायण पेठेतल्या माणसाला आवाजाचं काही वाटत नाही, असा बाहेरच्यांचा समज आहे. गणपतीच्या दीड-दोन महिने आधी नदीपात्रात ढोलपथकांचा सराव सुरू झाला की आमच्या खिडक्यांच्या काचा चौकटीत थरथरायला लागतात आणि घरोघरी पोळ्या लाटणं, दिवा लावणं, पाढे म्हणणं त्याच ठेक्यात चालू राहतं. विसर्जनाच्या मिरवणुकीत सीओईपीचे विद्यार्थी लक्ष्मी रस्त्याच्या चौकाचौकांत डेसिबल मोजत उभे असतात. काही वर्षी त्यांची सरासरी शंभराच्या वर गेलेली आहे. ते आकडे आम्ही पेपरात वाचतो, "छे, पूर्वीची मजा नाही राहिली" म्हणतो आणि पान उलटतो.

इथे खपत नाही तो फक्त शेजारच्या घरातून येणारा बारीक आवाज. मिरवणूक सार्वजनिक असते, तिच्याबद्दल बोलणार कोणाला? मिक्सर मात्र वरच्या काकूंचा असतो. त्याला नाव असतं, मजला असतो आणि जिन्यात त्याची गाठ पडते.

पेठेचं आवाजाशी नातं तसं जन्मापासूनचं. जिच्या नावात नारायणराव पेशवे आहेत, ती ही पेठ. ३० ऑगस्ट १७७३ला शनिवारवाड्यात त्यांनी काकांच्या नावाने फोडलेली हाक वेळेवर कोणाच्या उपयोगी पडली नाही. मात्र पौर्णिमेच्या रात्री ती अजून ऐकू येते, असं शपथेवर सांगणारी माणसं आजही भेटतात. तक्रार कधी ऐकायची आणि किती वर्षं ऐकवायची, याचं इथलं शास्त्र वेगळं आहे.

अशा या पेठेत, वाडा पाडून उभ्या केलेल्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, आमच्या चिरंजीवांनी समुद्र आणला.

समुद्र म्हणजे चार फूट लांबीचा काचेचा टँक आणि त्यात तीनशे लिटर पाणी. लिटरला पस्तीस ग्रॅम या हिशेबाने साडेदहा किलो मीठ. मिठाची बादली पाहून ही म्हणाली, "सैंधव नाही का चालत? पचायला हलकं." नाही चालत. त्या मिठात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि आणखी बरंच काही मोजून घातलेलं असतं आणि ते आरओच्या पाण्यात कालवावं लागतं. अलिबाग फार लांब नाही आणि तिथे हे पाणी तयार मिळतं, हा मुद्दा मी मांडून पाहिला. "बाबा, किनाऱ्याजवळच्या त्या पाण्यात आपले मासे आठवडाभर जगणार नाहीत," असं उत्तर आलं. प्रवाळ आणायचे नाहीत हे आधीच ठरलं होतं, कारण दगडी प्रवाळांना वन्यजीव कायद्याने वाघाच्या पंक्तीला, पहिल्या अनुसूचीत बसवलंय. तेव्हा कृत्रिम खडक आणि नारिंगी-पांढऱ्या क्लाउनफिशची एक जोडी. या जोडीत मोठी असते ती मादी. ती गेली तर उरलेला नर स्वतःच मादी होतो. हे ऐकून तिसऱ्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाई म्हणाल्या, "बालगंधर्वांच्या पुण्यात याचं कसलं नवल!"

माशांचा आवाज नव्हताच. आवाज होता तो रिटर्न पंपाचा.

खाऱ्या पाण्याच्या टँकचं खरं घर खाली, लाकडी कपाटात असतं. वरचं पाणी खाचांवरून ओसंडून पाइपाने खालच्या संपमध्ये उतरतं. तिथे स्किमर त्यातली घाण फेस करून बाहेर काढतो, चिलर आणि हीटर मिळून तापमान सांभाळतात. मग रिटर्न पंप तेच पाणी पुन्हा वर चढवतो. दिवसाचे चोवीस तास, बारा महिने. उतरण्याचं काम पृथ्वी फुकट करते. चढण्याचं बिल महावितरण पाठवतं.

खालच्या मजल्यावरचे काका वीज मंडळातून निवृत्त झालेले. टँक आल्याचं त्यांना जिन्यातल्या ओल्या पावलांवरून कळलं. ते वर आले, चष्मा बदलून कपाटात डोकावले आणि आवाजाबद्दल चकार शब्द न काढता विचारते झाले, "पाणी किती?"

हा प्रश्न समजून घ्यायला हवा. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा काका शाळकरी होते आणि मुठेचं पाणी त्यांच्या वाड्यात माळ्यापर्यंत चढलं होतं. तेव्हापासून पाणी म्हटलं की ते क्यूसेकमध्ये मोजतात. मुलाने सांगितलं, तासाला दीड हजार लिटर फिरतं. काकांनी पेपराच्या समासात गणित मांडलं. "०.०१५ क्यूसेक," ते म्हणाले. "खडकवासल्याचा विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो. तुमचा विसर्ग त्या मानाने काहीच नाही. पण खडकवासला पंधरा-वीस किलोमीटरवर आहे. हे धरण माझ्या पलंगाच्या वर आहे."

मग उलटतपासणी. वीज गेली तर? मुलगा म्हणाला, पंप थांबला की वर जाणाऱ्या पाइपातलं पाणी उलटं खाली यायला लागतं आणि सायफन लागून टँकमधलंही ओढतं. म्हणून संप कधी काठोकाठ भरायचा नाही आणि पाइपाला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली एक बारीक भोक पाडून ठेवायचं. पातळी तिथवर उतरली की भोकातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. काकांचा चेहरा उजळला. पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणलं, त्या नळाला वाटेत जागोजाग उच्छ्वास बांधले होते. हवेचं महत्त्व त्यांना कळलं होतं, हे काकांनी सविस्तर सांगितलं. "आणि मोटर नव्हती बरं का! शनिवारवाड्यातलं हजारी कारंजंसुद्धा बिनमोटरचं."

"कात्रज उंचावर आहे, काका. आमचा संप खाली आहे."

"तेच चुकलंय," काका म्हणाले. तेव्हापासून ते भेटले की "भोक साफ केलंत का?" असं भर जिन्यात विचारतात. त्यात शेवाळ साचतं हे खरं आहे, पण वाण्याच्या पोराला ते माहीत नसतं.

आवाजाची तक्रार रीतसर आली ती वरून. गाण्याच्या बाईंनी संध्याकाळचा क्लास सोडून खाली येऊन सांगितलं, "आवाज मोठा नाही हो. मोठा असता तर मी काही बोलले नसते. तो चढा आहे." कशापेक्षा चढा? "पांढरी पाचपेक्षा. किंचित. पोरींचा षड्ज त्याच्यामागे वर सरकतो."

मला वाटलं, बाईंना टँक आवडलेला नाही. पण मुलाने मोजलं आणि बाई तंतोतंत बरोबर निघाल्या. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनं करते. त्या तालावर पंपातला लोहचुंबकाचा भोवरा, म्हणजे रोटर, मिनिटाला तीन हजार फेऱ्या मारतो. प्रत्येक आवर्तनात चुंबकाची ओढ दोनदा लागते, म्हणून पंपाचं अंग सेकंदाला शंभर वेळा थरथरतं. हार्मोनियमची खर्जातली पांढरी पाच अठ्ठ्याण्णवला बोलते. फरक दोनाचा! शिकवण्या घेऊन घेऊन बाईंचा कान एवढा तयार झालाय की महावितरणने त्यांना नोकरीवर ठेवावं.

काकांना ही बातमी कळताच त्यांना भरून आलं. "हा आवाज तुमच्या मोटरचा नव्हेच," ते म्हणाले. "हा ग्रिडचा आवाज आहे." ३१ डिसेंबर २०१३ला दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाला जोडलं गेलं आणि सगळ्या भारताची फ्रिक्वेन्सी एक झाली. म्हणजे नारायण पेठेतला साधा एसी पंप आणि कोचीतल्या एखाद्या टँकमधला पंप एकाच क्षणी एकाच पट्टीत गुणगुणतात. मागणी वाढली की ४९.९कडे उतरतात, कमी झाली की पन्नासच्या जरा वर सरकतात. राष्ट्रीय एकात्मतेवर इतकं ठोस काही मी आजवर ऐकलेलं नव्हतं. काकांच्या मते अशा पंपाचा आवाज बंद करणं गैर होतं. बाईंच्या मते देशाने थोडं उतरून पांढरी पाचवर यायला हरकत नव्हती. न्यू जर्सीतल्या भाचीकडे वीज साठ आवर्तनांची, म्हणून तिथला पंप एकशेवीसवर बोलतो, म्हणजे काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मधे, कुठल्याच पट्टीवर नाही. हे कळल्यावर बाईंनी तिकडच्या ऑनलाइन शिकवण्यांचे दर वाढवले.

एकूण, पंप बदलायचा ठरला. आणि नारायण पेठेत काही बदलायचं ठरलं की सल्ला बाजारातून आणावा लागत नाही.

कोणी म्हणालं, तपकीर गल्लीत कूलरचा पंप मिळतो, दोन-चारशेत काम होईल. होत नाही. खारं पाणी उघडा धातू खातं आणि त्यात तांबं उतरलं तर टँकमधल्या गोगलगायी, कोळंबी वगैरे बिनहाडाच्या मंडळींचा कारभार आटोपतो. खाऱ्या पाण्याच्या पंपाचा दांडा सिरॅमिकचा लागतो आणि मोटर रेझिनमध्ये बंद केलेली. दुसरा पक्ष जर्मन एहाइम आणि इटालियन सिचे यांचा. त्यांचं म्हणणं, पंप एसीच घ्यावा पण घडणीचा घ्यावा. दांडा आणि छिद्र यांत फट नसली की खडखड होत नाही, आणि शंभरची गुणगुण उरते ती कान लावला तरच कळते. तिसरा पक्ष, ज्यात आमचे चिरंजीव, डीसी पंपाचा. यात भिंतीतल्या विजेचे आधी चोवीस व्होल्ट करतात आणि कंट्रोलर ती मोटरला हव्या त्या वेगाने पुरवतो. पन्नासच्या तालाशी संबंध तुटतो. बटण दाबून वेग कमी करता येतो, वीज कमी लागते, आणि दिवे गेले की इन्व्हर्टरवर मंद चालवून ठेवता येतो.

"चोवीस व्होल्ट!" काका म्हणाले. "मग ट्रकची बॅटरीच लावा ना." त्यांचा डीसीला तात्त्विक विरोध आहे. एसी-डीसीच्या लढाईत सव्वाशे वर्षांपूर्वी एडिसन हरला, हे ते स्वतः पंच असल्याच्या थाटात सांगतात. "एसी पंपात बिघडायला आहे काय? डीसीत मोटर ठणठणीत राहील आणि कंट्रोलर जाईल." आता हे मात्र टँकवाले अनुभवी लोकही सांगतात आणि बरेचजण जुना एसी पंप कपाटात राखीव ठेवतात. काकांची अडचण हीच आहे, की ते बऱ्याचदा बरोबर असतात.

खोक्यावरच्या आकड्यांबद्दल आमच्याकडे कोणी फसणार नव्हतं. 'तासाला तीन हजार लिटर' असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, ते पंप सपाट जमिनीवर नुसता पाणी ओकत असताना. पाणी जितकं उंच चढवायचं तितकं ते कमी होत जातं, आणि खोक्यावर 'हेड दोन मीटर' लिहिलेलं असलं तर दोन मीटरवर ते शून्य होतं. त्यात पाइपाचे एल्बो जाता-जाता आपापला वाटा घेतात. टँकला दर तासाला त्याच्या पाण्याच्या चार-पाचपट फेर पुरतो, म्हणून खोकं पाहून दीड हजारवालाही पुरे वाटेल, पण संपापासून टँकच्या काठापर्यंतची उंची टेपने मोजून मगच आलेखात बोट ठेवायचं. महापालिकेचं पाणी दुसऱ्या मजल्यावर का चढत नाही, यावर हयात घालवलेल्या इमारतीला हे समजावून सांगावं लागत नाही. डीसी घ्यायचा तर थोडा मोठा घेऊन अर्ध्या वेगावर चालवायचा, म्हणजे तो हळू फिरतो आणि आवाजही मवाळ होतो, इथवर सगळ्यांचं एकमत झालं. सगळ्यांचं, म्हणजे काका सोडून.

घोटाळा झाला तो डेसिबलवर. जुन्या पंपाच्या खोक्यावर होतं, 'तीस डेसिबलपेक्षा कमी'. ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम निवासी भागात रात्री दहा ते सहा पंचेचाळीस डेसिबलपर्यंत मुभा देतात. म्हणजे कायदा पंपाच्या बाजूने होता. पण खात्री करायची तर तीस डेसिबल मोजायला त्याहून शांत जागा हवी, आणि ती नारायण पेठेत कुठून आणणार? रात्री साडेबारापर्यंत लक्ष्मी रस्त्यावरच्या दुचाकी. एकनंतर कुत्र्यांची बैठक. चारला दुधाचे टेम्पो, मग पेपरचे गठ्ठे. मधल्या वेळात फ्रीज आणि माझं घोरणं (हे हिचं मत). मुलाने फ्रीजचं बटण बंद करून, मला जागं ठेवून, मोबाइलवर मोजलं. पंप चालू असताना अडतीस. पंप बंद असताना अडतीस. तो विजयी मुद्रेने मोबाइल घेऊन खाली गेला. काकांनी आकडा पाहिला आणि म्हणाले, "बरोबर आहे. पण मोबाइल कुठे झोपतो माझ्या खोलीत?"

यातलं मर्म असं, की काकांकडे आवाज हवेतून जातच नव्हता. पंपाचे रबरी पाय संपच्या काचेला चिकटलेले, काच प्लायवर टेकलेली, प्लायचं कपाट फरशीवर, फरशी स्लॅबवर आणि स्लॅबच्या खाली पलंग. पोकळ लाकडी कपाट तंबोऱ्याच्या भोपळ्याचं काम करत होतं. पंपाने फक्त तार छेडायची. अशा ठिकाणी दहापट महाग पंप आणला तरी तो तसाच वाजणार. उपाय स्वस्त निघाला. पंपाला कडक पाइप थेट न जोडता मधे वीतभर सिलिकॉनची नळी घातली, पंप काचेला कुठेच टेकणार नाही असा बसवला आणि संपच्या खाली हिच्या योगा मॅटचा कापलेला तुकडा सरकवला. हिची एक टाच आता शवासनात फरशीवर असते. तिथेही तिला आधी बारीक गुणगुण लागायची, ती बंद झाल्याचं तिनेच सांगितलं, त्यामुळे मॅटचा विषय वाढला नाही.

मग डीसी पंप आला आणि पंपाचा आवाज संपला.

तो संपताच त्याच्याआड दडलेले सगळे आवाज एकेक करून पुढे आले. पहिल्याच रात्री काकांचा फोन: "तुमच्याकडे रात्रभर चूळ कोण भरतंय?" ती ओसंडणाऱ्या पाण्याची गुळगुळ होती. पाइपातून पाण्याबरोबर हवा उतरते तेव्हा ती होते. पाइपाला गेट व्हॉल्व्ह लावून तो एवढा आवळायचा, की पाइप पाण्याने भरून वाहील आणि हवेला जागाच उरणार नाही, आणि तो कधी तुंबलाच तर दुसरा पाइप उघडा ठेवायचा. व्हॉल्व्ह पाव फेऱ्याने फिरवायचा आणि पातळी स्थिर होण्याची वाट पाहायची, हे काम तासन्‌तास चाललं आणि ते पाहायला खुर्च्या मांडाव्या लागल्या. मग स्किमरची सुसू ऐकू आली. तिला हवेच्या तोंडाशी छोटी डबी लावली. मग एका शुक्रवारी पहाटे पंपच सुर्र-सुर्र करायला लागला. कारण सरळ होतं. एप्रिलच्या कोरड्या हवेत पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, रोज वरून गोडं पाणी घालावं लागतं, आणि त्या गुरुवारी पुण्यात पाणी बंद. संपची पातळी उतरली आणि पंप हवा ओढायला लागला. आमच्या घरात आता बुधवारी रात्री जे पिंप भरलं जातं त्यावर पहिला हक्क माशांचा आहे. दर काही महिन्यांनी इम्पेलरवर चुना चढतो आणि घरघर लागते. तेव्हा पंप ढोकळ्यासाठी आणलेल्या सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात बुडवतात. ढोकळा त्या आठवड्यात होत नाही.

एवढं झाल्यावर काकांना आणखी एक आवाज ऐकू येऊ लागला. कट्, मग थोडा वेळ, पुन्हा कट्. मुलगा रात्री टॉर्च घेऊन कपाटात बसला, एकेक नळी हातात धरून पाहिली. शेवटी खाली जाऊन कान टवकारला तर तो काकांचाच छतावरचा पंखा निघाला, मंडळाच्या सोसायटीतून हप्त्याने घेतलेला. इतकी वर्षं तो कटकटत होता आणि काका त्याच्याखाली गाढ झोपत होते. मुलगा म्हणाला, बेअरिंग बदलून देतो. "कशाला?" काका म्हणाले, "तो आमचाच आहे."

आता नवी काळजी. पंप इतका शांत आहे की तो चालू आहे की नाही हेच कळत नाही. ही येता-जाता कपाटाचं दार उघडून पाण्यात बोट घालते. गाण्याच्या बाईंना त्यांचा षड्ज परत मिळाला, पण त्या जिन्यातून "चालू आहे ना हो?" असं विचारून पुढे जातात. आणि पंप खरंच बंद पडला तर वरच्या पाण्यात प्राणवायू कमी होत जातो, खाली संप भरतो, आणि भोक तुंबलेलं असेल तर पुढचं सगळं काकांच्या पलंगावर. म्हणून मुलाने एक अलार्म मागवलाय. संपची पातळी ठरलेल्या खुणेच्या वर गेली की तो बॅटरीवर वाजतो. खोक्यावर अभिमानाने छापलंय, पंच्याऐंशी डेसिबल.

काकांनी खोकं हातात घेतलं, चष्मा बदलला, आकडा दोनदा वाचला.

"पंच्याऐंशी?" ते म्हणाले. "एवढ्याशाने मला जाग येणार नाही. शंभराच्या वरचा बघा. आणि लावायचा तो माझ्या खोलीत."